मानकरी

आमच्या गावच्या जत्रेत पालखीला पहिला खांदा कोणी द्यायचा, अब्दागिरी कोणी धरायची आणि पुढे दिवटी घेऊन कोणी चालायचे, हे ठरवण्याचा प्रसंग कधी येतच नसे. कारण ते कोणा पूर्वजाच्या काळी, एखाद्या सनदेने म्हणा वा निव्वळ वहिवाटीने म्हणा, कायमचे ठरून गेलेले होते आणि मानकऱ्याच्या घरात जन्म घेणे एवढीच त्या मानाची पात्रता होती. त्या वहिवाटीविषयी माझ्या मनात आकस नाही. परंतु लहानपणी ज्या प्रकाशाने माझे मन खरोखर भारून गेले तो त्या दिवटीचा नव्हता. तो घटस्थापनेच्या पहाटे, तुळजापूरहून अनवाणी धावत ज्योत घेऊन येणाऱ्या पोरांच्या हातांतला होता. ती पोरे कोणाच्या शेतावर सालाने राबणारी, कोणी हमाली करणारी. जत्रेच्या यादीत त्यांचे नाव कोठेच नसे. एका वर्षी वेशीपासून देवळापर्यंतची अखेरची धाव आमच्या आळीतल्या, पिठाच्या गिरणीत कामाला असलेल्या मुलाच्या वाट्याला आली. त्याच्या टाचा फुटल्या होत्या, मनगटापर्यंत काजळी चढली होती, आणि पलित्यातून ओघळणारे तेल कोपरावरून ठिबकत होते. माझी आई पाण्याची घागर घेऊन त्याचे पाय धुण्यास पुढे झाली, तेव्हा धापा टाकीतच तो म्हणाला, “काकू, आधी ज्योतीला तेल घाला. पाय काय, मागून धुता येतील.”

लंडनच्या २०१२ सालच्या ऑलिंपिक मशालीची हकिकत मी प्रथम वाचली तेव्हा मला तो मुलगा आठवला, आणि आजही ती मशाल डोळ्यांपुढे आली की तिच्या दांड्याभोवती मला त्याचीच काजळलेली बोटे दिसतात. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, जेथे भूमी संपून अटलांटिक सुरू होतो त्या लँड्स एंडहून १९ मे रोजी ती मशाल निघाली आणि सत्तर दिवस, सुमारे आठ हजार मैल, गावोगाव मुक्काम करीत फिरली. तिला आठ हजार माणसांनी वाहिले. प्रत्येकाच्या वाट्याला साधारण तीनशे मीटर आले. त्यांत नामवंत खेळाडू होते हे खरे, परंतु बहुसंख्य माणसे अशी होती की ज्यांना त्यांच्या गल्लीबाहेर कोणी ओळखत नव्हते, आणि निम्म्या जागा तर बारा ते चोवीस वर्षे वयाच्या मुलांसाठीच राखून ठेवलेल्या होत्या.

या माणसांची निवड ज्या रीतीने झाली, तीत मला या साऱ्या सोहळ्याचा प्राण दिसतो. बहुतेकांनी स्वतःसाठी दरखास्त केलेली नव्हती. दुसऱ्या कोणीतरी त्यांच्याविषयी लिहून पाठवले होते. ‘शिफारस’ हा शब्द आपल्याकडे कचेऱ्यांच्या पायऱ्या चढून-उतरून इतका झिजला आहे, वशिल्याच्या संगतीने इतका बदनाम झाला आहे, की त्याचा मूळचा उजळपणा आपण विसरूनच गेलो आहोत. एखाद्या मुलीने रात्री टेबलाशी बसून आपल्या आईविषयी चार ओळी लिहाव्यात, एखाद्या शेजाऱ्याने, जो माणूस वर्षानुवर्षे आजाऱ्यांना दवाखान्यात नेतो-आणतो आणि त्याचा उच्चारही करीत नाही त्याच्याविषयी लिहावे, आणि लिहिता लिहिता आजवर आपण हे त्या माणसाला तोंडाने कधी सांगितले नाही याची जाणीव त्या लिहिणाऱ्याला व्हावी, ही खरी शिफारस. मशाल हाती येण्यापूर्वीच त्या माणसाला ते मिळालेले असते ज्याची पुष्कळांना जन्मभर प्रतीक्षाच करावी लागते: आपले करणे कोणाच्या तरी नजरेस पडले होते.

ती मशाल घडवणाऱ्या एडवर्ड बार्बर आणि जे ऑस्गर्बी या दोन शिल्पज्ञांनीही ही गोष्ट ओळखली असावी. मशाल सोनेरी, तीन बाजूंची, वजनाने अवघी आठशे ग्रॅम. आणि तिच्या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या अंगावर, जाळीसारखी, आठ हजार गोल छिद्रे, म्हणजे वाहणाऱ्या प्रत्येक माणसामागे एक. त्या छिद्रांनी वजन घटते आणि धग वरच्या वर विरून जाते, ती मुठीपर्यंत उतरत नाही. कोणा नामवंताचे नाव तीवर कोरण्याऐवजी आठ हजार अनामिकांसाठी आठ हजार मोकळ्या जागा ठेवाव्यात, त्यांतून वारा वाहावा आणि आतील ज्योतीचा उजेड बाहेर दिसावा, ही कल्पना मला कोणत्याही शिलालेखाहून श्रेष्ठ वाटते.

मशाल एका हातातून दुसऱ्या हातात जात नसे, हेही सांगितले पाहिजे. प्रत्येकाची मशाल वेगळी. तीनशे मीटर सरले की पुढचा माणूस आपली न पेटलेली मशाल घेऊन उभा असे, दोन्ही मशालींची तोंडे एकमेकींना भिडत, आणि अग्नी तेवढा पलीकडे जाई. ज्याची धाव संपली त्याच्या हाती हळूहळू निवत जाणारा धातू उरे. तो १९९ पौंड भरून आपल्याजवळ ठेवण्याची मुभा होती. काहींनी पुढे आपली मशाल विकली तेव्हा त्यांच्यावर बरीच टीका झाली, पण मला त्यांच्यावर रागावता येत नाही. ज्योत तर त्यांनी चोख हवाली केली होती.

डॉन्कास्टर येथे ही ज्योत बेन पार्किन्सन या सैनिकाच्या हाती आली. अफगाणिस्तानातील युद्धात त्याचे दोन्ही पाय गेले होते. आपल्या गावच्या रस्त्यावर तो कृत्रिम पायांनी, सावकाश, एकेक पाऊल तोलून चालला, आणि ते तीनशे मीटर संपण्यास जवळजवळ अर्धा तास लागला. इतरांनी दोन-तीन मिनिटांत ओलांडलेले ते अंतर त्या दिवशी किती लांब झाले, आणि त्यामुळेच किती मोठे झाले!

या प्रथेवर डाग नाहीत असे मी म्हणणार नाही. मशालीची ही दौड प्राचीन ऑलिंपियातून आलेली नाही. ती कार्ल डीम याच्या योजनेतून १९३६ साली, नाझी अमलाखालील बर्लिनच्या स्पर्धांसाठी निघाली, आणि त्या राजवटीने तिचा आपल्या गौरवासाठी पुरेपूर उपयोग करून घेतला. लंडनच्या वेळीही काही जागा प्रायोजक कंपन्यांच्या अधिकाऱ्यांकडे गेल्या. कोणा परिचारिकेच्या वाट्याचे तीनशे मीटर असे गेले असतील, या विचाराने मला आजही हळहळ वाटते. पण १९४८ साली याच लंडनसाठी ग्रीसमधून ज्योत निघाली तेव्हा पहिला धावक होता एक साधा कॉर्पोरल, दिमित्रेलिस. त्याने शस्त्र खाली ठेवले, गणवेश उतरवला आणि मगच मशाल हाती घेतली. एवढ्या एका कृतीने ती प्रथा पुष्कळशी धुऊन निघाली असे मला वाटते.

त्याच १९४८च्या लंडनमध्ये कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कुस्तीत सहावे आले होते. पुढे १९५२ साली त्यांनी हेलसिंकीहून कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आणि मग पोलीस खात्यातील नोकरीत ते असे मिसळून गेले की देशाला त्यांची आठवण क्वचितच झाली. १९८२ च्या दिल्लीतील आशियाई स्पर्धांच्या मशालदौडीत त्यांना सामील करून घेतले गेले. उशिरा का होईना, कोणीतरी त्यांच्याविषयी चार ओळी लिहिल्या होत्या.

२०१२ च्या त्या दौडीत सत्तर दिवस ज्योत जपली जात होती ती खाणकामगारांच्या कंदिलांत. डेव्हन परगण्यातील ग्रेट टॉरिंग्टन येथे भर रस्त्यात मशाल विझली, तेव्हा ती पुन्हा या कंदिलातल्या मूळ ज्योतीवरच पेटवली गेली. भुयारातल्या काळोखात माणसांचे प्राण राखण्यासाठी बनलेल्या त्या दिव्याहून योग्य रखवालदार तिला कोण मिळाला असता?

२७ जुलैच्या रात्री ती क्रीडागारापाशी पोचली. अखेरचा अग्नी प्रज्वलित करण्याचा मान सात अपरिचित तरुणांना मिळाला, आणि त्या प्रत्येकाची शिफारस एकेका जुन्या ऑलिंपिकवीराने केलेली होती. पण माझी दृष्टी त्याच्या किंचित आधी, दाराशीच खिळून राहते. ओळीने पाच ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणारा नौकापटू स्टीव्ह रेडग्रेव्ह मशाल घेऊन आत येत होता, आणि त्याच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना, ते क्रीडांगण ज्यांनी बांधले त्यांच्यापैकी पाचशे कामगार, डोक्यावर कामाचीच शिरस्त्राणे घालून, मानवंदनेला उभे होते.