माडीवरची सागवानी जमीन

स्वच्छता आणि पाणी यांची सांगड आपल्या घरांतून इतकी घट्ट बसली आहे की, पाण्यावाचून स्वच्छ केलेली वस्तू आपणांस मनातून स्वच्छ वाटतच नाही. शहाबादी फरशीवर घागरभर पाणी ओतावे, खराट्याने घासावे आणि मोरीकडे लोटून द्यावे, म्हणजे सणाची तयारी झाली! मातीची जमीनही शेणपाण्याच्या सारवणाने ताजी होते. या संस्कारात वाढलेल्या माणसाच्या वाट्यास लाकडाची जमीन आली म्हणजे त्याची मोठी पंचाईत होते. आमच्या जुन्या घराच्या माडीवर सागवानी फळ्यांची जमीन आहे. तिची निगा राखता राखता आमचे असे मत बनले आहे की, लाकडाची निम्मी सेवा हात आखडता घेण्यातच असते.

लाकूड कापून, रंधून कितीही वर्षे लोटली, तरी हवेतील ओल घेण्याचे व सोडण्याचे ते थांबत नाही. ओल घेतली की फळी रुंदीत फुगते. लांबीत मात्र म्हणण्यासारखा फरक पडत नाही. म्हणून वैशाखात ज्या फटींत नाण्याची कड सहज शिरते, त्याच फटी श्रावणात मिटून जातात. त्या लांबण भरून बुजवून टाकाव्यात, असा सल्ला पुष्कळ जण देतात. परंतु मग पावसाळ्यात फुगणाऱ्या फळीने जावे कोठे? ती एक तर भरलेले लांबण ओकून टाकते, नाही तर स्वतःच उचलली जाते.

‘मग जहाजे कशी टिकतात?’ असे आमचे एक स्नेही विचारतात. प्रश्न रास्त आहे. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली १८१७ साली बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही सागवानी युद्धनौका इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही तरंगत आहे. अशा जहाजांची तक्तपोशी खलाशी समुद्राच्या पाण्याने नित्य धूत असत. परंतु तेथील सांधे तंतू व डांबर ठासून भरलेले असतात, आणि फळ्या ओलसर ठेवून ते सांधे आवळलेले राखणे हाच त्यातला हेतू असतो. घरातल्या फळीला मात्र आज स्नान आणि उद्या पंख्याखाली वाळवण! या ओढाताणीने ती वाकते आणि तिचे खिळे सैल होतात.

रोजचा शत्रू म्हणजे पायांबरोबर येणारी रेती; टाचेखाली ती काचकागदाचेच काम करते. दारात जाड पायपुसणे, सकाळ-संध्याकाळ मऊ केरसुणी आणि आठवड्यातून एकदा घट्ट पिळलेले फडके, एवढ्यावर आमचे भागते. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली म्हणजे उकळलेल्या अळशीच्या तेलाचा पातळ हात द्यावा व वर राहिलेले तेल लगेच पुसून घ्यावे. हे तेल हवेतील प्राणवायू घेऊन घट्ट होते आणि त्या क्रियेत उष्णता निर्माण होते. म्हणून तेलाचे बोळे कोपऱ्यात टाकू नयेत. ते आपोआप पेट घेऊ शकतात. फडकी उघड्यावर पसरून वाळवावीत. रंधा मात्र होता होईल तो टाळावा. त्याने नवेपणा येतो खरा, पण तो फळीच्या जाडीतून काढून घेतलेला असतो.

ही झाली दिसणाऱ्या बाजूची गोष्ट. फळ्या ज्या तुळयांवर पेललेल्या असतात, त्यांची टोके भिंतीत गाडलेली असतात आणि मोरीचे पाणी झिरपत झिरपत तेथेच पोचते. लाकडातील ओलावा शेकडा २० च्या खाली राहिला तर कुजविणारी बुरशी त्यात वाढत नाही. भिंतीतल्या ओल्या टोकात मात्र ती निर्धास्त वाढते. फळ्यांवर सिमेंट घालून फरशी बसविली, तर तुळयांवर भार वाढतो आणि ओल झाकली जाते. म्हणून दर वर्षी पावसाळा सरला की आम्ही सुताराला घेऊन खालच्या बिऱ्हाडात जातो आणि प्रत्येक टोक टोच्याने तपासून घेतो. दोन वर्षांपूर्वी मोरीलगतच्या तुळईत टोच्या दोन बोटे आत गेला. तुळईला धिरा देऊन तिचे टोक बदलले, मोरी नव्याने बांधली. त्या तुळईच्या कडीला खालच्या बिऱ्हाडकरूंनी पाळणा टांगला होता.