झेन, एस्टीमचं इंजिन आणि २१२ किलोमीटर

आमच्या गोरेगावच्या घरी (मुंबईतलं नव्हे हो, गोंदिया जिल्ह्यातलं, दर वेळी सांगावं लागतं) पडवीशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये एक १९९८ ची मारुती झेन उभी असते. बाबांनी ती २००४ साली नागपूरहून सेकंडहँड आणली, म्हणून नंबर एमएच-३१. गोंदियाचा एमएच-३५ तिला कधी लागलाच नाही. बाबा तेव्हा हायस्कूलवर शिक्षक होते आणि स्टाफरूममध्ये चारचाकी असलेले एकटे तेच.

आता ही काही कागदोपत्री स्पोर्ट्स कार नाही. आपल्याकडे खरी म्हणावी अशी छोटी स्पोर्ट्स कार म्हणजे गोव्यात बनायची ती सॅन स्टॉर्म. फायबरग्लासची बॉडी, दोन दरवाजे, आत रेनॉचं इंजिन. पण ती किती जणांनी प्रत्यक्ष बघितली असेल? आम्हा नव्वदच्या दशकातल्या पोरांची स्पोर्ट्स कार झेनच होती. १९९३ साली आली तेव्हा रस्त्यावर सगळ्या चौकोनी गाड्या, आणि त्यात ही गुळगुळीत, गोलमटोल. ९९३ सीसीचं चार सिलिंडरचं पूर्ण अॅल्युमिनियमचं इंजिन, पन्नासच्या आसपास अश्वशक्ती, पाच गिअर आणि वजन जेमतेम साडेसातशे किलो. इथूनच बनून ती युरोपात अल्टो नावानं विकली जायची. वळणावर तिला टाकून बघा म्हणजे कळेल मी काय म्हणतोय ते.

तर झालं असं की, २०२२ च्या दिवाळीत मी ठरवलं, या गाडीचं 'काहीतरी' करायचं. पुण्यात आठवडाभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग काढायचे आणि शनिवारी-रविवारी रात्री दोनपर्यंत झेनच्या मॉडिफिकेशनचे फोटो बघायचे, असं वर्षभर चाललं होतं. एक्सेल शीट तयार होतं. (हसू नका. तुमच्यापैकी निम्म्यांकडे लग्नाच्या खर्चाचंही असतं.) चाळीस मिलिमीटरने गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा पुण्यातच मिळाल्या. त्या पोत्यात बांधून महाराष्ट्र एक्सप्रेसच्या बर्थखाली टाकल्या. गोंदियापर्यंत समोरचे काका विचारत होते, पोत्यात काय आहे म्हणून. शेवटी 'पाण्याच्या मोटरचे पार्ट' असं सांगून टाकलं.

गोंदियातले आमचे मेकॅनिक, सगळे त्यांना उस्तादच म्हणतात. चार दिवसांत काम उरकलं. १४५/७० च्या टायरांच्या जागी १७५/६०, रिमा अलॉयच्या आणि थोड्या बाहेर आलेल्या. तेराची रिम तीच ठेवली तर दोन्ही टायरांचा व्यास जवळपास सारखाच येतो, ५३३ आणि ५४० मिलिमीटर, त्यामुळे स्पीडोमीटर खोटं बोलत नाही. हे गणित मी करून ठेवलं होतं आणि त्याचा मला फार अभिमान होता. मागे फ्री-फ्लो सायलेन्सर. एअर फिल्टरचा मूळ डबा काढून उघडा कोन फिल्टर. डिकीवर स्पॉयलर. छपराला काळं व्हिनाइल. सुरू केली की चौकातली कुत्री उठून उभी राहायची.

बाबांनी चष्मा पुसून गाडीभोवती एक चक्कर मारली. म्हणाले, "दिसते तं छान."

बस. एवढंच. मी ते कौतुक समजलो.

सुट्टीतले उरलेले दिवस मी कोहमाऱ्याच्या रस्त्यावर घालवले. गोरेगाव सोडलं की पुढे मुरदोलीचं जंगल लागतं, रस्ता मऊ वळणं घेत जातो. पहाटे रिकामा असतो. खरं सांगायचं तर गाडी फार वेगवान झाली नव्हती, फक्त तसं वाटायचं. आवाज दुप्पट झाला की वेग दीडपट वाटतो. उलट खालच्या गिअरमध्ये ती थोडी मेलीच होती, कारण उघडा फिल्टर बॉनेटखालची गरम हवा ओढतो आणि गरम हवा विरळ असते. शिवाय आमच्याकडे धानाचा हंगाम संपला की राईस मिलांचा कोंडा आणि राख हवेत असते. तो फिल्टर महिन्याभरात चिपाडासारखा झाला. पण हे मला पुढे कळलं. तेव्हा डोक्यात एकच, इंजिन कमी पडतंय.

ज्यांना हा नाद आहे त्यांना पुढचं माहीत आहे. झेनमध्ये एस्टीमचं १२९८ सीसीचं इंजिन बसतं. एकाच घराण्यातली भावंडं आहेत ती. नंतरच्या सोळा व्हॉल्व्हच्या एमपीएफआय एस्टीमची ताकद ८५ अश्वशक्ती. टनामागे साधारण ६६ अश्वशक्तीवरून थेट ११० वर उडी! खर्चाचं खरं काम इंजिन बसवण्यात नाही, बाकीच्या लटांबरात आहे. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल ओढायला इंजिनावरचाच साधा पंप असतो, फ्युएल इंजेक्शनला टाकीतून दाबाने पेट्रोल देणारा विजेचा पंप लागतो. मग ईसीयू, सेन्सर, अख्खं वायरिंग. सॉफ्टवेअरवाल्यांना सांगायचं तर फंक्शन एकच बदलायचं असतं, पण त्याच्या डिपेन्डन्सी घरभर पसरलेल्या असतात.

उस्तादांनी एका भंगारातल्या एस्टीमचं इंजिन शोधून ठेवलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये एका लग्नाला आलो तेव्हा मी पाच हजार अॅडव्हान्स देऊन टाकला. ते इंजिनावर कापड फिरवत म्हणाले, "इंजिन बसून जाईन भाऊ. कागद नाही बसणार."

कागदाचं खरं होतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येणार नाही. इंजिन बदलायचं तर आधी आरटीओची मंजुरी, आरसीवर नोंद. हे न करता बदललं आणि उद्या काही झालं तर विमा कंपनी पहिल्यांदा इंजिन नंबर बघणार. मी मात्र 'बघू पुढे' या सदरात ते टाकून दिलं. आपण सगळेच टाकतो.

मग ऑगस्ट आला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये मुरदोलीच्या जंगलात रस्ता ओलांडणाऱ्या एका तरुण वाघाला गाडीने उडवलं. तुम्ही व्हिडिओ पाहिला असेल, देशभर फिरला होता. मोडलेल्या अंगाने तो स्वतःला रस्त्याच्या कडेला ओढत नेतोय. वाचला नाही. एका बाजूला नागझिरा, दुसऱ्या बाजूला नवेगाव, मध्ये आमचा रस्ता. जनावरांचा तो जाण्यायेण्याचा मार्गच आहे. मी हिंजवडीत कँटीनमध्ये तो व्हिडिओ पाहिला आणि रस्त्याचं वळण ओळखीचं वाटलं. हातातला चमचा तसाच राहिला. दिवाळीत त्याच पट्ट्यात मी गाडीचा काटा किती वर नेला होता ते इथे लिहीत नाही. आई वाचते हे.

सप्टेंबरात पोळ्याला घरी आलो. गाडीची २५ वर्षं भरत होती, रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण करायचं होतं. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी हे करावं लागतं आणि एप्रिल २०२२ मध्ये मोटारीची ही फी सहाशेवरून पाच हजार झाली होती, वर आपल्या राज्याचा ग्रीन टॅक्स वेगळा. अर्ज भरायला किलोमीटरचा आकडा बघितला. सवयीने एक्सेल उघडलं. दिवाळीपासून गाडी चालली होती २१२ किलोमीटर.

त्यातले १८० माझे, फेब्रुवारीतल्या लग्नाचे. म्हणजे दहा महिन्यांत बाबांनी चालवली ३२ किलोमीटर?

बाबा रिटायर झाल्यापासून दर दोन-तीन दिवसांनी शेतावर जातात. सहा किलोमीटर जायचं, सहा यायचं. धानाची बांधी आहे, पऱ्हे टाकणं, रोवणी, पाणी बघणं, काम संपत नाही. मला वाटलं बॅटरी उतरली असेल. आईला विचारलं.

"ते का चालवतेत आता," आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली. "खांदा दुखते त्यायचा. स्टेअरिंग फिरत नाही म्हणे. अन् पांदणीत खालून घासते गाडी. बसनं जाते नाही तं पायी."

"मला काहून नाही सांगितलं?"

"तू एवढा हौसेनं केलं म्हणे."

बाहेर येऊन शेडमध्ये बसलो. या झेनला पॉवर स्टेअरिंग नाही. टायर रुंद केला आणि रिम बाहेर आणली की उभ्या गाडीचं स्टेअरिंग फिरवायला किती जास्त जोर लागतो, हे मला पाठ होतं. माझ्या एक्सेलमध्ये 'तोटे' नावाचा कॉलम होता आणि त्यात 'स्टेअरिंग किंचित जड' असं मीच लिहिलं होतं. किंचित! पस्तिशीतल्या, जिममध्ये जाणाऱ्या माणसाचं किंचित. ज्या माणसाची गाडी आहे तो अडुसष्ट वर्षांचा आहे, त्याचा उजवा खांदा आखडलाय आणि त्याला चिखलाच्या पांदणीतून जायचंय, हे कुठल्याच कॉलममध्ये नव्हतं. ऑफिसात आम्ही याला युजरला न विचारता केलेलं रिलीज म्हणतो आणि त्यासाठी एकमेकांना झापतो.

बाबांशी यावर बोलणं झालं नाही. आमच्याकडे असं बोलत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फक्त म्हणालो, "आरटीओला दाखवायची आहे, जुन्या स्प्रिंगा कुठं ठेवल्या?" त्यांनी लगेच काढून दिल्या. तेल लावून, कागदात गुंडाळून, वर मार्करने 'पुढच्या' आणि 'मागच्या' लिहून ठेवल्या होत्या.

स्प्रिंगा, टायर, सायलेन्सर, फिल्टरचा डबा, सगळं मूळ जागी. तपासणीला बाबा स्वतः चालवत घेऊन गेले. मी बाजूला.

मग इंजिनाचं काय, असं उस्तादांनीच विचारलं. म्हटलं आहे तेच बघू. त्यांनी चारही प्लग काढून समोर ठेवले. प्लग वाचता आला पाहिजे बघा. बिस्किटासारखा तपकिरी असेल तर मिश्रण बरोबर, पांढरा असेल तर पेट्रोल कमी, काजळलेला असेल तर जास्त. तीन पांढरट होते, तिसऱ्या सिलिंडरचा तेलकट काळा. कॉम्प्रेशन मोजलं. तीन सिलिंडर बाराच्या आसपास, तिसरा साडेआठ. त्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजलं तर काटा वर गेला. म्हणजे गळती व्हॉल्व्हमधून नाही, रिंगांमधून. तेल फटी तेवढ्यापुरत्या बुजवतं, म्हणून हे कळतं. थोडक्यात, मी वर्षभर ज्या इंजिनाला कमजोर म्हणत होतो ते साडेतीन सिलिंडरवर चालत होतं!

इंजिन खोललं. गोंदियात लेथवाल्यांची आणि बोअरिंगवाल्यांची वाण नाही, राईस मिल आणि ट्रॅक्टरच्या कामावर ते जगतात. बोअर करून पाव मिलिमीटर ओव्हरसाइजचे पिस्टन, नव्या रिंगा, व्हॉल्व्ह घासून बसवले, टायमिंग बेल्ट नवा. इंजिन नंबर तोच, त्यामुळे कागद शांत. पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या बदलल्या, कारण आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतंय आणि १९९८ चं रबर त्यात फुगतं, तडकतं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे जुन्या कार्ब्युरेटरचं मिश्रण पातळ पडतं. त्या पांढऱ्या प्लगांमागे हेही असावं. मेन जेट एक नंबर मोठा टाकला. (इथेनॉल ऊस-मक्याबरोबर तांदळापासूनही बनतं. म्हणजे आमच्याकडचं धान फिरून आमच्याच नळ्या खातंय म्हणा.)

हेडलाइटला शंभर वॉटचे बल्ब टाकायचा मोह झाला होता. ते बेकायदेशीर, शिवाय समोरच्याला आंधळं करतात. त्याऐवजी साधे ६०/५५ चेच बल्ब ठेवून बॅटरीपासून रिलेची वेगळी वायर ओढली. पंचवीस वर्षांच्या वायरिंगमध्ये आणि स्विचमध्येच व्होल्टेज गळत असतं. तेवढं थांबवलं तरी उजेडात जाणवण्यासारखा फरक पडतो. अख्ख्या खर्चात पैसा वसूल म्हणाल तर हाच.

इंजिन आता कसं चालतं? पहिले हजार किलोमीटर दामटायचं नाही, म्हणून आकडे उशिरा घेतले. एक्सेलमध्ये आहेत, पण सांगत नाही. गोरेगावच्या रेल्वे फाटकापाशी बाबा दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यावर घेताना आता मान किंचित हलवतात, एवढं सांगतो. स्पॉयलर राहिलाय. काढू का विचारलं तर म्हणाले, "राहू दे. शाळेतले पोरं विचारतेत." काळं छप्परही होतं, पण उन्हाळ्यात आत भट्टी व्हायची, ते आईने सोलून काढलं.

या दिवाळीत आम्ही दोघं कोहमाऱ्याला गेलो होतो. मुरदोलीत बाबा चाळीसच्या वर जात नाहीत. मागून ट्रक हॉर्न मारत होता, तरी नाही. एका ठिकाणी चितळांचा कळप रस्त्यावर आला, बाबांनी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि आम्ही ते सगळे पार होईपर्यंत बसून राहिलो.

एस्टीमचं इंजिन अजून उस्तादांच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून आहे. पाच हजार मी परत मागितलेले नाहीत आणि त्यांनीही ते इंजिन कोणाला विकलेलं नाही. गोंदियाला उतरलो की घरी जायच्या आधी तिकडे एक चक्कर होते. ताडपत्री उचलून बघतो, क्रँक हाताने एकदा फिरवतो, जाम होऊ नये म्हणून.