अडुसष्टावं घर

जूनमधल्या एका रविवारी आमच्या घाटकोपरच्या घरात एक पॅलाडिन मेला. मुलुंडहून येणारा माझा मित्र तीन वर्षं त्याला खेळवत होता. वीस बाजूंचा फासा तिसऱ्यांदा दहाच्या खाली पडला आणि संपलं.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: प्रत्येक जण एक पात्र घेतो, फासे टाकतो, आणि त्यातून जे घडतं त्याची गोष्ट एक जण सांगत नेतो. त्याला डीएम म्हणतात. आमच्यात तो मी. सोमवार ते शुक्रवार कोड लिहितो, रविवारी विश्व चालवतो.

“हा आता कुठे जाणार?” मित्राने विचारलं.

मला आनंदच झाला, कारण या खेळातला माझा सगळ्यात आवडता भाग तोच. गॅरी गायगॅक्सने १९७०च्या दशकात या खेळाला विश्वाचा नकाशा दिला, १९८७मध्ये जेफ ग्रबने त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यात जगांना ‘प्लेन’ म्हणतात. आपल्या स्वर्लोक-पाताळलोकातला ‘लोक’च समजा. मधोमध आपलं जग. त्याच्याजवळ अग्नी, जल, वायू, पृथ्वी यांची प्लेन्स. आणि बाहेर एका प्रचंड चाकावर आणखी सोळा, स्वर्गांपासून नरकांपर्यंत. मेल्यावर कोण कुठे जाणार हे अलाइनमेंटवरून ठरतं: चांगला, वाईट की मधला, शिस्तीचा, मनमानी की मधला. तीन गुणिले तीन, नऊ चौकटी. १९९४च्या ‘प्लेनस्केप’मध्ये तर सगळीकडे दारं उघडणारं सिजिल नावाचं शहर आहे. बोरिवलीच्या मैत्रिणीला ते समजावताना मी दादरच्या पुलाचं उदाहरण दिलं होतं: वेस्टर्नला उतरा, पूल चढा, की सेंट्रलचं जग सुरू. तिला लगेच पटलं.

“पॅलाडिन शिस्तीचा आणि चांगला,” मी म्हणालो. “म्हणजे माउंट सेलेस्टिया. सात टप्प्यांचा डोंगर, एकेक टप्पा म्हणजे एकेक स्वर्ग.”

तो फासा बोटांत फिरवत राहिला. मग म्हणाला, “आणि माझे बाबा?”

त्याचे बाबा एप्रिल २०२१मध्ये गेले, दुसऱ्या लाटेत. स्मशानात हा एकटाच होता. आई घरी, पॉझिटिव्ह. दहावा व्हिडिओ कॉलवर झाला. या माणसाने शेजारच्या मुलीची कॉलेजची फी कुणाला न सांगता भरली होती. आणि सख्ख्या भावाशी गावच्या जागेवरून अकरा वर्षं बोलणं टाकलं होतं. घरात त्यांच्या चपलांचा आवाज आला की टीव्ही बंद व्हायचा.

मी गप्प बसायला हवं होतं. पण नऊ चौकटी समोर उघड्या होत्या. “ट्रू न्यूट्रल असतील,” मी म्हणालो. म्हणजे मधल्यातले मधले. चांगल्यातून वाईट वजा केलं, उरलं ते सांगितलं. अप्रेझलमध्ये मला वर्षभराच्या कामाचा एक आकडा मिळतो तेव्हा माझा चेहरा जसा होतो, तसा त्याचा झाला. पुढच्या रविवारी तो आला नाही.

त्या आठवड्यात मी मोक्षपटाबद्दल वाचत बसलो. सापशिडीचा हा पूर्वज परंपरेने ज्ञानेश्वरांशी जोडला जातो, एवढंच मला माहीत होतं. त्याच कुळातल्या ज्ञानचौपडचा ७२ घरांचा एक पट सापडला. आठ ओळी, प्रत्येकीत नऊ घरं. सवयीने मी तो एक्सेलमध्ये उतरवला. पाचवं घर भूलोक. चौदावं भुवर्लोक. तेविसावं स्वर्लोक. मग ३२, ४१, ५०, ५९: महर्लोक, जनलोक, तपोलोक, सत्यलोक. दर वेळी नऊची भर, म्हणजे सगळे लोक एकावर एक, बरोबर मधल्या उभ्या रांगेत. टोकाला ६८, वैकुंठ. तिथे नेमकं पोहोचलात की सुटलात.

म्हणजे हाही विश्वाचा नकाशाच. पण इथे माणसाला चौकट नाही, चौकटीला नाव आहे. विसाव्या घरातलं दान महर्लोकात नेतं. चोपन्नावर भक्ती, शिडी थेट वैकुंठाला. लगेच पंचावन्नावर अहंकार, साप थेट तिसऱ्या घरात, क्रोधात. एका दाण्याचा फरक. वैकुंठ ओलांडून पुढे गेलात तर ७२व्या घरात तमोगुण बसलाय. तो पुन्हा पृथ्वीवर आणून सोडतो. क्रोधाच्या घरात सोंगटी उभी असते, पण सोंगटी म्हणजे क्रोध नव्हे. पुढचा डाव यायचा असतो.

मी एक्सेलची प्रिंट काढून मुलुंडला गेलो. माफी मागितली, ती नीट जमली नाही. मग त्याच्या आईने चहा ठेवला आणि आम्ही तिघं खेळलो. मित्र पंचावन्नावर पोहोचला आणि घसरून क्रोधात आला. आई म्हणाली, “घ्या, बाबांच्या घरी.” आणि हसली. दोन डावांनी तो तिथून निघालाही.

जाताना त्याने विचारलं, “पॅलाडिनला परत आणता येतं ना?”

येतं. पाचशे सोन्याच्या नाण्यांचा हिरा लागतो, आणि मृत्यूला दहा दिवसांहून जास्त झालेले नसावेत. नियम वाचून दाखवताना ‘दहा’ शब्दाशी आम्ही दोघंही थांबलो.

गोष्टीतले चार दिवस गेलेत. हिरा अजून मिळालेला नाही. तो रविवारी येतोय.