सागाची समुद्रयात्रा

मसाटहून खानवेलच्या वाटेला लागलं की कारखाने मागे पडतात आणि साग सुरू होतो. पावसाळ्यात त्याची पानं सुपाएवढी होतात. इथून समुद्र दिसत नाही, पण नगर हवेलीच्या या मुलखाचं नशीब जहाजांनीच घडवलं.

१७७२ मध्ये मराठा आरमाराकडून पोर्तुगीजांच्या ‘सांताना’ या लढाऊ गलबताचं नुकसान झालं. १७७९ च्या तहानुसार त्याची भरपाई म्हणून १७८३ मध्ये नगर हवेलीची गावं पोर्तुगीजांकडे गेली. पुढे इथल्याच सागाचं दमणच्या गोदीत नवं जहाज उभं राहिलं. १८४३ मध्ये ते पाण्यात उतरलं, गोव्यात त्यावर डोलकाठ्या आणि शिडं चढली, आणि १८४५ मध्ये ते लिस्बनला निघालं. त्याला नाव मिळालं पोर्तुगालच्या राणीच्या नवऱ्याचं आणि राणीचंही: ‘डोम फर्नांडो दुसरा इ ग्लोरिया’. पोर्तुगाल-भारत मार्गावरचं ते पोर्तुगीजांचं शेवटचं शिडाचं युद्धजहाज.

१९६३ मध्ये त्याला आग लागली. जळका सांगाडा १९९२ पर्यंत टॅगस नदीच्या चिखलात पडून होता. मग डागडुजी झाली. आज लिस्बनसमोरच्या काठावर, कासिल्याशला, ते संग्रहालय म्हणून उभं आहे.

सागरी संग्रहालयाच्या अभिरक्षकाचं काम मला अशा जहाजापाशी नीट कळतं. तोफा पुसून मांडणं हा त्यातला सोपा भाग. कुठली फळी मूळची, कुठली आगीनंतरची, याची नोंद त्याला ठेवावी लागते. नाहीतर पाहणारा नव्या लाकडालाच इतिहास समजून हात लावतो. लाकडात मुरलेलं मीठ आणि गंजणारे खिळे यांच्याशी त्याचा झगडा रोजचा. आणि सगळ्यात अवघड काम म्हणजे वस्तूला तिचं मूळ गाव परत देणं. राजाराण्यांची नावं टिकतात. कुऱ्हाड चालवणाऱ्या आणि ओंडके ओढणाऱ्या माणसांची नावं मात्र शोधावी लागतात, आणि हा शोध मला तोफांपेक्षा मोलाचा वाटतो.

म्हणून मनापासून वाटतं, इथल्या एखाद्या वारली किंवा धोडिया मुलीनं हे काम हाती घ्यावं. सिल्वासाच्या आदिवासी संग्रहालयात तिनं वस्तू पाहायला शिकावं. वडोदऱ्याच्या सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून संग्रहालयशास्त्र शिकवतात, तिथे जावं. पोर्तुगीज शिकून गोव्याच्या पुराभिलेखागारातले जुने कागद उलगडावेत. मग कासिल्याशच्या त्या जहाजावर जाऊन मूळ सागाच्या फळीसमोर उभं राहावं आणि तिथल्या लोकांना विचारावं, की पाटीवर आमच्या जंगलाचं नाव कुठे लिहिलंय?