परदेशची नोकरी

परदेशात जाऊन इंग्रजी शिकवावे, असे मला बरेच दिवस वाटते. बी.एड. होऊन दहा वर्षे झाली, पण पगार पंधरवड्यातच संपतो. मुंबईच्या एका एजन्सीने आखाती देशातील शाळेत जागा असल्याचे कळवले. सव्वा लाख रुपये आणि मूळ प्रमाणपत्रे आधी पाठवायची होती. अम्मी तर बांगड्या मोडायला निघाली.

त्याच आठवड्यात आमची सहल राळेगणसिद्धीला गेली. १९७५ मध्ये अण्णा हजारे लष्करातून या गावी परतले. पुढे गावकऱ्यांनी बांध घालून पाणी अडवले आणि कोरड्या विहिरी भरल्या. आमची मुले मात्र नापासांना प्रवेश देणाऱ्या शाळेपुढेच रेंगाळली! तेथे एका आजोबांशी माझ्या नोकरीचा विषय निघाला. ते म्हणाले, "गुरुजी, पूर्वी आम्हीही पोटासाठी गाव सोडायचो. पण मजुरी कोण देणार, किती देणार, हे विचारूनच घराबाहेर पडायचो."

परतल्यावर मी चौकशी केली. मुलांनो, परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या एजंटांना १९८३ च्या कायद्याने सरकारी नोंदणी सक्तीची केली. ती 'ई-मायग्रेट' या सरकारी संकेतस्थळावर तपासता येते. नोंदणीकृत एजंटाचे शुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरील कर. मग सव्वा लाख कशाचे? मी नोंदणी क्रमांक, शाळेचे नाव आणि पगाराचा लेखी करार मागितला. प्रमाणपत्रांच्या फक्त नकला पाठवीन, असेही लिहिले.

महिना झाला, उत्तर नाही. अब्बा रोज पोस्टमनला विचारतात. मी मात्र दुसरी, नोंदणी असलेली एजन्सी शोधतो आहे.