फेस आणि हंडा

दोन वर्षांपूर्वी आमच्या घरी एक पांढरी गाडी आली. जुनीच, पण दादाने ती कर्ज काढून मोठ्या हौसेने आणली. लग्नसराईत भाड्याने द्यायची, कुणाच्या दवाखान्याच्या वाऱ्या करायच्या आणि त्यातून हप्ता फेडायचा, असा त्याचा बेत. गिऱ्हाईक आधी गाडीचे रूप बघते आणि मग भाडे विचारते, हे त्याचे अर्थशास्त्र! आणि आमच्या ताडकळसची काळी माती तर मोठी प्रेमळ. पावसाळ्यात चाकांना बिलगते, उन्हाळ्यात धूळ होऊन काचेवर येऊन बसते.

गाडी धुण्याचे काम दादाचे. पाणी आणण्याचे माझे. आमच्या गल्लीत नळ चार दिवसांआड येतो. मधल्या दिवसांत शेजारच्या बोअरवरून हंडे आणायचे. सकाळच्या पहिल्या तासाला मी डुलक्या का घेते, याचा उलगडा आता आमच्या प्राध्यापकांना होईल.

एके दिवशी दादाने मोबाईलवर एक चित्रफीत दाखवली. एक गृहस्थ बंदुकीसारखे यंत्र धरून गाडीवर फेस मारीत होते. बघता बघता गाडी दुधावरच्या सायीसारखी झाकली गेली.

“हे घेऊ. पंपासकट पाच-सहा हजारांत येतंय,” दादा म्हणाला.

“अन् पाणी?”

“फेसाला काय पाणी लागतंय!”

माय चुलीजवळून म्हणाली, “गाडी धुवायलास का पोरीचा जीव घ्यायलास रे?”

दादा गप्प बसला, पण त्याने नाद सोडला नाही. बाबांचा पाठीवरचा फवारणी पंप काढून तो त्यात शाम्पू ओतू लागला. बाबा कधी नाही ते ओरडले. त्या पंपाने तणनाशक मारलेले. कितीही धुतला तरी अंश राहतो. “2017 साली यवतमाळात फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली, विसरलास काय?” त्या पंपातून तसाही फेस निघाला नसता, नुसते साबणाचे पाणी निघाले असते. फेस म्हणजे बहुतेक हवाच. फेसाच्या यंत्रात पाण्याची जोरदार धार शाम्पू आणि हवा ओढून घेते, हे मिश्रण बारीक जाळीतून जाते आणि मग तो दाट फेस होतो.

शेवटी दादा मला परभणीला एका धुलाई केंद्रावर घेऊन गेला. मी घड्याळ लावून बसले. यंत्रावर मिनिटाला सहा लिटर असा आकडा होता. आधीची धार, मग फेस, मग पुन्हा धार, अशी मिळून नऊ मिनिटे यंत्र चालले. म्हणजे चोपन्न लिटर. घरी आम्हाला पंधरा लिटरच्या चार बादल्या लागत, म्हणजे साठ. मी यंत्राची फजिती बघायला गेले होते. पण त्याला उधळे म्हणता येईना! नळी जमिनीवर वाहती टाकून गाडी धुणाऱ्यापेक्षा ते कितीतरी शहाणे.

आणखी एक गोष्ट तिथे कळली. आमच्या गाडीच्या बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे होते. कोरड्या धुळीवर फडके घासले की धुळीचे कण रंगावर रेघा ओढतात. फेस चार-पाच मिनिटे चिकटून राहतो, धूळ सैल करतो आणि तिला घेऊन खाली घसरतो. मग हात फिरवला तर ओरखडे कमी पडतात. हात मात्र फिरवावाच लागतो. नुसत्या फेसाने चिकट थर जात नाही.

मग अडले कुठे? त्या यंत्राला नळाची अखंड धार लागते आणि वीज लागते. आमच्याकडे दोन्ही एका वेळी असणे हा कपिलाषष्ठीचा योग! शिवाय बोअरच्या जड पाण्याला फेस कमी येतो आणि वाळले की पांढरे डाग उमटतात.

2016 च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले. पहिल्या फेरीत पाच लाख लिटर. मी तेव्हा लहान होते, पण घरात त्याच गोष्टी चालत. आणि 2024 च्या मार्चमध्ये बंगळूरसारख्या शहरातही पिण्याच्या पाण्याने गाडी धुतल्यास पाच हजारांचा दंड लागू झाला. दंडाची रक्कम ऐकून दादा म्हणाला, “यंत्राएवढीच की!”

पुढच्या रविवारी मला ताप होता. दादाने स्वतः पाणी आणले. चौथ्या खेपेला तो ओट्यावर टेकला आणि खांदा चोळीत बराच वेळ हंड्याकडे बघत राहिला. काही बोलला नाही. आठवड्याने त्याने हाताने हवा भरायची दोन लिटरची फेसाची बाटली आणली, काही शे रुपयांची. तिला वीज नको, नळ नको. फेस पातळ येतो, पण काम भागते. दादा सावलीत गाडी लावतो, फेस मारतो, टपापासून खाली तांब्याने पाणी सोडतो, मऊ फडके फिरवतो आणि डाग पडण्याआधी गाडी पुसून घेतो. आता अडीच बादल्या पुरतात. नवे ओरखडे दिसत नाहीत.

तेव्हा वाचकहो, फेसाचे यंत्र घ्यावे का? नळ रोज येत असेल आणि गाडीच्या रंगाची काळजी असेल तर जरूर घ्यावे. आमच्यासारख्यांना बाटली पुरे. पण घेण्यापूर्वी एक दिवस पाणी स्वतः भरून बघावे. दादा आता ते दर रविवारी भरतो.