क्रम किती मानायचा

औपचारिक भाषा म्हणजे ठरावीक चिन्हांपासून बनलेल्या शब्दांचा संच. शब्दाला अर्थ असावाच लागत नाही. तो संचात आहे की नाही, एवढे निःसंदिग्ध ठरले की पुरे. यंत्राच्या प्रत्येक कृतीला एकेक अक्षर दिले, की यंत्राने एकदा केलेले काम हा एक शब्द होतो आणि त्याला करता येण्याजोगी सगळी कामे मिळून त्याची भाषा होते. मग यंत्राबद्दलचे प्रश्न भाषेबद्दलचे प्रश्न बनतात आणि त्यांची उत्तरे सिद्ध करता येतात.

या शास्त्रातला सर्वांत पक्का पाया नियमित भाषांचा. मर्यादित अवस्थांचे यंत्र, म्हणजे फाइनाइट ऑटोमॅटन, ज्या भाषा ओळखते त्या नियमित. स्टीफन क्लीनी यांनी १९५६ मध्ये छापलेल्या निबंधात दाखवले की निवड, जोडणी आणि पुनरावृत्ती या तीन क्रियांनी नेमक्या याच भाषा तयार होतात. १९५९ मध्ये मायकेल राबिन आणि डाना स्कॉट यांनी सिद्ध केले की यंत्राला एकाच वेळी अनेक पर्याय खुले ठेवले तरी त्याची ताकद वाढत नाही. ब्यूखी यांनी पुढच्याच वर्षी तर्कशास्त्राच्या एका पद्धतीतून हाच वर्ग मिळवला. वेगवेगळ्या हेतूंनी केलेल्या व्याख्या एकाच वर्गापाशी येतात, तेव्हा संशोधक त्या वर्गावर विश्वास टाकतो. चांगल्या व्याख्येची याहून खात्रीची खूण या क्षेत्रात नाही.

अडचण सुरू होते ती अनेक यंत्रे एकत्र काम करू लागली की. शब्दात अक्षरे एकामागून एक येतात. पण दोन संगणक परस्परांशी संबंध नसलेल्या क आणि ख या कृती करत असतील, तर कख आणि खक यांत वास्तवात काहीच फरक नसतो. अशा १० स्वतंत्र कृती असतील तर त्यांचे ३६,२८,८०० क्रम लागतात. घडलेली गोष्ट मात्र एकच असते.

पोलंडचे गणितज्ञ अँतोनी माझुर्किएविच यांनी १९७७ मध्ये यावर साधा उपाय सुचवला. अक्षरांबरोबर आणखी एक माहिती द्यायची: कोणत्या जोड्या परस्पर स्वतंत्र आहेत. शेजारी आलेली स्वतंत्र अक्षरे अदलाबदल करून जे शब्द एकमेकांपासून मिळतात, ते सारे एकच मानायचे. अशा गटाला ट्रेस म्हणतात. हीच रचना पियेर कार्तिए आणि दॉमिनिक फोआता यांनी १९६९ मध्येच, निराळ्या कारणासाठी, मांडणी-मोजणीच्या गणितात अभ्यासली होती.

नवी व्याख्या हाती आली की आधी ती दोन अक्षरांवर ताणून पाहावी, हा या कामातला रिवाज आहे, आणि इथे तो लगेच उपयोगी पडतो. कख, कखकख, कखकखकख अशा शब्दांची भाषा नियमित आहे. क आणि ख स्वतंत्र ठरवले, तर अदलाबदलीने त्यातून क आणि ख समसमान असलेले सगळेच शब्द निघतात. ती समानता तपासायला कितीही मोठी मोजणी लक्षात ठेवावी लागते आणि मर्यादित अवस्थांच्या यंत्राला ते जमत नाही. म्हणजे क्लीनींची पुनरावृत्ती ट्रेसना जशीच्या तशी लावता येत नाही. एडवर्ड ओखमान्स्की यांनी १९८५ मध्ये अट घातली की ज्या तुकड्यातली अक्षरे परावलंबनाने एकमेकांत गुंतलेली आहेत त्याचीच पुनरावृत्ती करावी, आणि क्लीनींचा सिद्धांत पुन्हा उभा राहिला.

यापुढचा प्रश्न कठीण होता. अदलाबदल करूनही नियमितच राहणारी भाषा दिली, तर तिच्यासाठी खरोखर विखुरलेले यंत्र बांधता येईल का? असे यंत्र, ज्यात प्रत्येक प्रक्रियेला फक्त स्वतःची अवस्था ठाऊक असते आणि एखादी सामाईक कृती करताना भेटलेल्या प्रक्रियाच एकमेकींची माहिती घेतात. विएस्वाव झिएलोंका यांनी १९८७ मध्ये सिद्ध केले की बांधता येते. प्रमेय दोन ओळींत सांगता येते. सिद्धता मात्र या विषयातल्या अवघड सिद्धतांपैकी एक मानली जाते.

तिचा गाभा एका छोट्या प्रश्नात आहे. दोन प्रक्रिया भेटल्या. तिसरीबद्दलची ताजी बातमी दोघींपैकी कुणाकडे आहे? प्रत्येक घटनेला वाढता क्रमांक दिला तर उत्तर सोपे, पण क्रमांक वाढतच जातात आणि यंत्राच्या अवस्था मर्यादित राहत नाहीत. १९९३ मध्ये मुंबईत भरलेल्या एफएसटीटीसीएस या संगणकशास्त्र परिषदेत माधवन मुकुंद आणि मिलिंद सोहोनी यांनी दाखवले की मोजके क्रमांक आलटून पालटून वापरूनही भागते. प्रत्येक प्रक्रियेने स्वतःला काय कळले याबरोबरच इतरांना काय कळले आहे याचीही मर्यादित नोंद ठेवायची. कोणता जुना क्रमांक आता कुणाच्याच उपयोगाचा नाही हे त्या नोंदीवरून कळते आणि तो पुन्हा देता येतो. यासाठी जादा निरोप पाठवावे लागत नाहीत. मोठ्या सिद्धतेतला असा तुकडा वेगळा काढून स्वतंत्र प्रश्न म्हणून सोडवणे हे या कामातले मोठे कसब आहे.

व्यापक मॉडेल घेतले तर किंमतही वाढते. कार्ल आडाम पेट्री यांच्या १९६२ च्या प्रबंधातून आलेल्या पेट्री नेटमध्ये प्रत्येक कृती काही ठिकाणची टोकने उचलते आणि काही ठिकाणी नवी ठेवते; टोकनांची संख्या कितीही वाढू शकते, त्यामुळे मोजणी जमते. पण टोकनांच्या एका मांडणीपासून दुसरीपर्यंत पोहोचता येते का, हा साधा प्रश्न तिथे दशकानुदशके पुरला. १९७६ मध्ये रिचर्ड लिप्टन यांनी त्याला किमान घातांकी स्मृती लागते हे दाखवले. तो सुटतो हे अर्न्स्ट मायर यांनी १९८१ मध्ये सिद्ध केले. त्याची काठिण्यपातळी २०२१ मध्ये नक्की झाली: प्रश्न सुटतो, पण लागणारा वेळ प्रचंड वेगाने वाढणाऱ्या अॅकरमन फलनाच्या गतीने वाढतो. तत्त्वतः सुटणे आणि प्रत्यक्षात सुटणे यांत एवढी दरी असू शकते.

सुंदर अंदाज खरे ठरतातच असेही नाही. दीर्घकाळ चेन्नईत काम केलेले पी. एस. थियागराजन यांची अटकळ घटना-रचनांबद्दल होती, म्हणजे कोणती घटना कोणत्या घटनेवर अवलंबून आणि कोणत्या घटना एकत्र घडू शकत नाहीत हे सांगणाऱ्या रचनांबद्दल: त्यांपैकी नियमित रचना म्हणजे नेमक्या मर्यादित, सुरक्षित (एका ठिकाणी एकाहून जास्त टोकन नसलेल्या) पेट्री नेटमधून उलगडणाऱ्या रचना. काही खास प्रकारांसाठी ती सिद्धही झाली. २०१७ मध्ये जेरेमी शालोपँ आणि व्हिक्टर चेपोई यांनी भूमितीतून मिळालेले प्रतिउदाहरण देऊन ती सर्वसाधारण रूपात खोडून काढली. खास प्रकारांच्या सिद्धता अबाधित राहिल्या, आणि त्या कुठवर लागू पडतात याचा नवा अभ्यास सुरू झाला.

समांतर व्यवहारांसाठी एकच सर्वोत्तम मॉडेल अजून मिळालेले नाही आणि मिळण्याची चिन्हेही नाहीत. क्रमच महत्त्वाचा असेल तिथे शब्द पुरतात, स्वातंत्र्य टिपायचे असेल तिथे ट्रेस लागतात, साधने मोजायची असतील तिथे पेट्री नेट. या विद्येत शिरणाऱ्याने आपल्या प्रश्नाला पुरेल असे सर्वांत दुबळे मॉडेल आधी निवडावे. सिद्धता तिथेच हाती लागण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.